आतड्याच्या गाठीत गर्भाशयमुखाचा विषाणू: एचपीव्ही १८ प्रकरणाचा माग

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या काही गाठींमध्ये एचपीव्ही १८ (ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा अठरावा प्रकार) या विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे चालू जनुकांच्या नकलांचे, तुकडे सापडले. मलाशयाच्या गाठींमध्येही सापडले. आणि मूत्रपिंडाच्या चक्क निरोगी ऊतीतही सापडले. पहिल्या दोन बातम्या ऐकून माणूस सरसावून बसतो. तिसरी ऐकल्यावर मात्र थबकायला हवं, कारण एचपीव्ही १८ ओळखला जातो तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. निरोगी मूत्रपिंडात त्याचं काय काम?

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते एका साध्या कारणासाठी. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘पण कशामुळे?’ वय, आनुवंशिकता, तंबाखू, दारू, वजन, खाणं ही उत्तरं खरी असली तरी मनाला ती पुरेशी वाटत नाहीत. ‘विषाणूमुळे’ हे उत्तर मात्र लगेच पटतं. बाहेरून आलेल्या शत्रूला नाव असतं, त्याच्यावर लस निघू शकते, आणि आपलं काही चुकलं का, ही टोचणीही थांबते. म्हणून ‘आतड्याच्या गाठीत विषाणू सापडला’ या वाक्याचं वजन रुग्णाच्या घरात फार मोठं असतं. ते वाक्य उच्चारण्याआधी किती तपासावं लागतं, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिसतं.

पुरावा कुठून आला

अमेरिकेत २००६ साली ‘द कॅन्सर जिनोम ॲटलस’ हा प्रकल्प सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत कर्करोगाच्या ३३ प्रकारांमधल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठींचे नमुने त्यात वाचले गेले. वाचले म्हणजे गाठीतला डीएनए आणि आरएनए यांची अक्षरं यंत्राने क्रमवार उलगडली. मोठं आतडं आणि मलाशय यांच्या २७६ गाठींचा अभ्यास जुलै २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. या प्रकल्पाचं मोठेपण असं की माहिती दडवून ठेवली गेली नाही. रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून मूळ क्रमवाचनासाठी परवानगी घ्यावी लागते, पण ती मिळाली की जगातला कोणीही संशोधक ते उतरवून घेऊन स्वतःचा प्रश्न विचारू शकतो.

विषाणू शोधणाऱ्यांना ही पर्वणीच होती. गाठीतून यंत्राने वाचलेले कोट्यवधी छोटे तुकडे घ्यायचे. प्रयोगशाळेत त्यांना ‘रीड्स’ म्हणतात. माणसाच्या जिनोमशी जुळणारे रीड्स बाजूला काढायचे आणि उरलेला गाळ जगातल्या सगळ्या ज्ञात विषाणूंच्या यादीशी ताडून पाहायचा. गाठीत विषाणू असेल तर त्याची अक्षरं त्या गाळात असायलाच हवीत. २०१३ मध्ये एका गटाने १९ प्रकारांच्या ४,४३३ गाठी अशा तपासल्या. त्यासाठी सातशे अब्जांहून अधिक रीड्स चाळले गेले. गर्भाशयमुखात एचपीव्ही, यकृतात हिपॅटायटिस बी असे ओळखीचे गुन्हेगार ओळखीच्या जागी सापडलेच. शिवाय काही कर्करोगांमध्ये वर्षानुवर्षं ज्या विषाणूंचं नाव घेतलं जात होतं, ते तिथे नाहीत हेही त्या अभ्यासाने ठामपणे सांगितलं.

पण अशा शोधांमध्ये आतड्याच्या काही नमुन्यांत एचपीव्ही १८ डोकावत राहिला.

संशय घेण्याजोगा होता का?

होता, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. एचपीव्ही हा जेमतेम आठ हजार अक्षरांचा, गोल डीएनएचा विषाणू. एचपीव्ही १८ ची नेमकी लांबी ७,८५७ अक्षरं. त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन जनुकं पेशीचे दोन पहारेकरी निकामी करतात. ई-६ मुळे पी-५३ हे प्रथिन नष्ट होतं, ई-७ मुळे आरबी बंद पडतं. एकदा हे दोघे गेले की पेशीच्या विभाजनाला लगाम उरत नाही. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून जगातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत. गुदद्वाराच्या कर्करोगातही दहापैकी सुमारे नऊ वेळा एचपीव्हीच असतो, आणि गुदद्वारापासून मलाशय काही सेंटिमीटरवर. शेजाऱ्याच्या घरात चोर सापडला तर आपल्या घराची कडी तपासणं स्वाभाविकच आहे.

मात्र त्या काही सेंटिमीटरमध्ये एक सीमारेषा आहे. गुदद्वाराच्या आतलं अस्तर थरांवर थर असलेल्या चपट्या पेशींचं असतं, त्वचेसारखं. एचपीव्हीला असंच अस्तर लागतं. बारीक खरचट पडली की तळाच्या थरात शिरायचं आणि पेशी वर सरकत जातील तसं आपलं चक्र पूर्ण करायचं, हा त्याचा धर्म. ती रेषा ओलांडली की मलाशय आणि मोठ्या आतड्याचं एकेरी, श्लेष्मा स्रवणारं, ग्रंथींचं अस्तर सुरू होतं. तिथे विषाणूला राहायला घर नाही. अर्थात गर्भाशयमुखाच्या ग्रंथिपेशींमध्येही एचपीव्ही १८ कर्करोग घडवतो, त्यामुळे एवढ्यावरून दार बंद करता येत नव्हतं.

त्याआधीच्या काळात पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या पुन्हा पुन्हा प्रती काढून तो शोधण्याचं तंत्र, वापरून केलेले अभ्यास होतेच. त्यांनी गोंधळ वाढवला. कुठे आतड्याच्या एकाही गाठीत एचपीव्ही नाही, तर कुठे अर्ध्याहून अधिक गाठींत आहे. एकाच रोगाची एवढी निरनिराळी उत्तरं आली की मला तरी आधी पद्धतीवर शंका येते. पीसीआरच्या ३० फेऱ्यांमध्ये एका रेणूचे तत्त्वतः १०० कोटींहून अधिक रेणू होतात. टेबलावरचा, हातमोज्यावरचा, आदल्या दिवशीच्या नळीतला एखादा रेणूसुद्धा अशा वेळी ‘सापडला’ या सदरात जाऊन बसतो.

पिट्सबर्गच्या तिघांनी काय पाहिलं

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पॉल कॅंटालुपो, जोशुआ कॅट्झ आणि जेम्स पाइपास यांनी ॲटलसमधले नमुने पुन्हा चाळले आणि २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त निष्कर्ष मांडले. एचपीव्ही १८ त्यांनाही आतडं, मलाशय आणि निरोगी मूत्रपिंडात सापडला. ‘आहे’ एवढं म्हणून ते थांबले नाहीत. जो सापडला तो नेमका कोणता, कुठल्या अवस्थेतला, कुणाचा, असं ते विचारत गेले. या प्रकरणाचं सगळं मोल या पुढच्या प्रश्नांमध्ये आहे.

पहिली गोष्ट प्रमाणाची. गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये एचपीव्ही १८ ची जनुकं दणक्यात चालू होती. आतड्याच्या नमुन्यांत त्यांची पातळी अगदी क्षीण होती. हा फरक मोलाचा आहे, कारण विषाणूमुळे झालेली गाठ विषाणूच्या जनुकांवर जगत असते. ई-६ आणि ई-७ बंद केली तर अशा पेशी वाढायच्या थांबतात. मग गाठीतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ती जनुकं जोरात चालू असायला हवीत. इकडेतिकडे विखुरलेल्या चार रीड्सनी गाठ उभी राहत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. प्रत्येक रुग्णातल्या विषाणूत मूळ क्रमापेक्षा थोडी अक्षरं बदललेली असतात, गावागावांत बोली बदलते तशी. वेगवेगळ्या रुग्णांना वेगवेगळीकडून लागण झाली असती तर बोलीही वेगवेगळी दिसली असती. या नमुन्यांमधले बदल मात्र एकाच ओळखीच्या संचाशी जुळत होते. शिवाय रीड्स विषाणूच्या पूर्ण लांबीवर पसरलेले नव्हते. ते विषाणूच्या ठरावीक भागांवरच येऊन बसत होते.

तिसरी गोष्ट माझ्या मते निर्णायक. काही नमुन्यांमध्ये असे रीड्स होते की ज्यांचं अर्धं अंग विषाणूचं आणि अर्धं माणसाच्या गुणसूत्राचं. एचपीव्ही जेव्हा पेशीच्या डीएनएत घुसून बसतो, तेव्हा जिथे सांधा पडतो तिथून असे जोडतुकडे निघतात. हा सांधा कुठे पडेल याला नियम नाही. एका रुग्णात एका गुणसूत्रावर, दुसऱ्यात भलत्याच. म्हणून तो बोटाच्या ठशासारखा वापरता येतो. आणि इथला ठसा विज्ञानाला आधीपासून पाठ होता. आठव्या गुणसूत्रावर, मिक नावाच्या जनुकापासून सुमारे पाच लाख अक्षरांवर एचपीव्ही १८ चे तुकडे बसलेले आणि विषाणूचा मधला जवळजवळ एक तृतीयांश भाग गळालेला, अशी मांडणी असलेल्या पेशी जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये रोज वाढवल्या जातात. त्यांचं नाव हीला.

तिघांनी आपलं म्हणणं बेताने मांडलं: या नमुन्यांमधला एचपीव्ही १८ हीला पेशींच्या आरएनए-डीएनएची भेसळ असावी. ‘असावी’ हा शब्द त्यांनी ठेवला. अक्षरं, ठरावीक भाग आणि सांधा अशा तीन स्वतंत्र खुणा एकाच पेशीकडे बोट दाखवत असताना दुसरं स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही.

हीला

हेन्रिएटा लॅक्स ही तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. १९५१ च्या सुरुवातीला ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. गर्भाशयमुखावर गाठ होती. तिला न विचारता गाठीचा तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. तोवर माणसाच्या पेशी काचपात्रात काही दिवसांत मरत असत. या मेल्या नाहीत. साधारण दर २४ तासांनी दुप्पट होत राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी हेन्रिएटा गेली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. तिच्या नावाच्या आणि आडनावाच्या पहिल्या दोन-दोन इंग्रजी अक्षरांवरून पेशींना हीला म्हणू लागले. घरच्यांना हे कळायला दोन दशकं जावी लागली.

त्या पेशी इतक्या जोमाने का वाढतात, याचा धागा १९८४ साली हाती लागला. जर्मनीत हाराल्ड झुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत एचपीव्ही १८ ओळखला गेला आणि तो हीलामध्येही सापडला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कारण एचपीव्ही असल्याचं दाखवल्याबद्दल झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. ज्या विषाणूने हेन्रिएटाचा जीव घेतला, त्याचेच तुकडे सहा दशकांनी अनोळखी माणसांच्या आतड्याच्या नमुन्यांत उमटले. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. ॲटलसमधल्या रुग्णांच्या बाबतीत संमतीचे नियम पाळलेले होते. हेन्रिएटाकडून संमती कधीच घेतलेली नव्हती, आणि तरी ती त्यांच्या नोंदींमध्ये हजर होती.

हीलाचं असं दुसऱ्याच्या घरात सापडणं नवं नाही. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका परिषदेत सांगितलं की निरनिराळ्या माणसांच्या, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या अठरा सेल लाइन्स (प्रयोगशाळेत सतत वाढवले जाणारे पेशींचे वंश) प्रत्यक्षात हीला असाव्यात. सगळ्यांमध्ये जी-६-पीडी या विकराचा असा प्रकार होता जो प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. मूळ दात्यांमध्ये गोरेही होते. सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचं वर्षानुवर्षांचं काम एका वाक्यात डळमळीत झालं.

आणि आतड्याचा संबंधही जुनाच. ‘इंटेस्टाइन ४०७’ या नावाची सेल लाइन १९५७ मध्ये मानवी भ्रूणाच्या आतड्यातून निघाली म्हणून नोंदवली गेली. आतड्याच्या संसर्गांवर काम करणाऱ्यांनी ती दशकानुदशकं आतड्याची पेशी समजून वापरली. तीही हीलाच निघाली. म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशीला आतडं समजण्याची चूक काचपात्रात आधी झाली होती, संगणकात नंतर झाली.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरातल्या प्रयोगशाळांना सेल लाइन्स दिल्या जातात, त्यांत हीलाही असते. कुठल्याही महाविद्यालयाच्या सेल कल्चरच्या खोलीत शिरा, एखाद्या इन्क्युबेटरमध्ये ती बहुधा असतेच. ती वाईट पेशी नाही. पोलिओच्या लशीची चाचणी तिच्यावर झाली, गुणसूत्रं मोजायला ती उपयोगी पडली. तिची वाढच इतकी जोरकस आहे की पिपेटच्या टोकावरचा एक थेंबही दुसऱ्याच्या पात्राचा ताबा घेतो. ॲटलसच्या नमुन्यांमध्ये तर जिवंत पेशी जाण्याचीही गरज नव्हती. यंत्र नीट चालतं का हे पाहायला प्रयोगशाळा ओळखीच्या पेशींचा आरएनए हाताशी ठेवतात. त्याचा एक कण शेजारच्या नळीत गेला तरी सिक्वेन्सिंगचं यंत्र तो इमानेइतबारे वाचून दाखवतं.

आतड्याची स्वतःची साक्ष

भेसळीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी आतड्याच्या गाठीच वेगळं सांगतात. एचपीव्हीने झालेल्या कर्करोगात पी-५३ चं जनुक बहुधा धड असतं. विषाणू प्रथिनच संपवत असल्यामुळे जनुक बिघडण्याची गरज पडत नाही. हीला पेशीतही ते शाबूत आहे. आतड्याच्या कर्करोगात, अतिउत्परिवर्तित (जनुकांत फारच जास्त बदल झालेल्या) गाठी वगळल्या, तर २०१२ च्या त्या अभ्यासात ६० टक्के गाठींमध्ये हे जनुक बिघडलेलं होतं आणि ८१ टक्क्यांमध्ये एपीसी हे दुसरं जनुक. आधी एपीसी, मग केरास हे आणखी एक जनुक, मग पी-५३ अशी पायरीपायरीने, पॉलिपपासून (अस्तरावरच्या छोट्या उंचवट्यापासून) गाठीपर्यंत साधारण दहा वर्षं चालणारी ही वाट बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मांडली, तीही जॉन्स हॉपकिन्समध्येच. पहारेकऱ्याला बाहेरच्या कुणी मारलेलं असतं तर घरातल्यांनी पुन्हा त्याच्यावर घाव घातले नसते.

कुणी म्हणेल की ही शोधण्याची पद्धतच आतड्यासारख्या ठिकाणी चालत नसेल. त्यासाठी पोटाकडे पाहावं. त्याच ॲटलसमध्ये २०१४ साली जठराच्या २९५ गाठी तपासल्या गेल्या आणि सुमारे ९ टक्क्यांमध्ये एप्स्टाइन-बार विषाणू सापडला. तिथे तो खरा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या काचपट्टीवर विषाणूच्या आरएनएला रंग दिला की कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीचं केंद्रक रंगतं आणि शेजारची निरोगी पेशी कोरी राहते. त्या गाठींच्या जनुकांचा तोंडवळाही इतर जठर-कर्करोगांहून निराळा. म्हणजे पचनमार्गात विषाणू असेल तर तो सापडतो, आणि सापडल्यावर असा दिसतो. आतड्याच्या एचपीव्हीने हे चित्र कधी दाखवलं नाही.

इतर संशयितांचं थोडक्यात. जेसी विषाणूचा डीएनए आतड्यात आढळल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. तो लहानपणीच बहुतेकांच्या शरीरात शिरतो आणि आयुष्यभर राहतो, त्यामुळे नुसतं सापडणं फार काही सांगत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कदाचित कर्ककारक’ या २-बी गटात ठेवलं आहे, सिद्ध झालेल्यांच्या गटात नाही. सायटोमेगॅलोविषाणूबद्दल २००२ मध्ये असाच दावा झाला. तोही जगात बहुतेकांच्या अंगात असतो. आतड्यातल्या जीवाणूंना लागण करणाऱ्या फाजांवर २०१८ पासून चांगलं काम येतं आहे. आतड्याचा कर्करोग असलेल्यांच्या विष्ठेत फाजांची वस्ती वेगळी दिसते. मला या दिशेत अधिक दम वाटतो, पण तिथे फाज थेट आपल्या पेशीला धरत नाही, तो जीवाणूंची वस्ती हलवतो. जीवाणूंच्या बाबतीत पुरावा पुष्कळ पुढे गेला आहे. कोलिबॅक्टिन हे विष बनवणारे काही ई. कोलाय डीएनएवर विशिष्ट प्रकारची खूण सोडतात, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं आणि तीच खूण आतड्याच्या काही गाठींमध्ये सापडली. कारण म्हणवून घ्यायचं तर असं काही दाखवावं लागतं.

भेसळ दरवेळी पेशींचीच असते असंही नाही. २०१३ मध्ये चीनमधल्या हिपॅटायटिसच्या रुग्णांत एक नवाच विषाणू सापडल्याची बातमी आली. त्याच वर्षी उलगडा झाला की तो डीएनए वेगळा करायच्या तयार किटमधल्या सिलिकाच्या गाळणीतून येत होता. रुग्णाचं रक्त न घालता नुसतं पाणी ओतलं तरी ‘विषाणू’ निघत होता. म्हणून मी अशा अभ्यासात सगळ्यात आधी शोधतो ती पाण्याची ओळ: काहीच न घातलेल्या नळीत काय सापडलं? ती ओळ नसेल तर बाकीच्या तक्त्यांवर माझा विश्वास बसत नाही.

घरात विचारतात तेव्हा

पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. ती मुलीला द्यायची का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर स्वच्छ ‘हो’ आहे, ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. तिने आतड्याचा कर्करोग टळेल असं सांगून ती द्यायला लावणं चुकीचं, आणि ‘आतड्याचा तर टळत नाही’ म्हणून ती टाळणं त्याहून चुकीचं. आतड्यासाठी जे हाती आहे ते पॉलिप असताना शोधणं: विष्ठेतलं न दिसणारं रक्त तपासणं, गरज पडल्यास कोलोनोस्कोपी, आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग असेल तर ही तपासणी लवकर सुरू करणं. शौचातून रक्त आलं की मूळव्याधच समजून महिनोन्महिने मलम लावत बसणारी माणसं आपल्याकडे फार आहेत. त्यांना विषाणूच्या चर्चेपेक्षा ही एक गोष्ट आधी सांगावी लागते.

गुदद्वाराच्या गाठीबद्दल मात्र एचपीव्हीचा प्रश्न खरा आहे. पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ (चपट्या पेशींचा कर्करोग) लिहिलं आहे की ‘ॲडेनोकार्सिनोमा’ (ग्रंथिपेशींचा), हे वाचून घ्यावं. पहिल्यात विषाणू बहुधा असतोच आणि उपचारही साधारणपणे शस्त्रक्रियेऐवजी किरणोत्सर्ग आणि केमोने सुरू होतात. दुसऱ्याची वाट वेगळी.

ॲटलसचे ते नमुने आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या भांडारात आहेत. उद्या एखादी विद्यार्थिनी परवानगी काढून ते उतरवेल, माणसाचे रीड्स बाजूला काढेल आणि आतड्याच्या रकान्यात तिला एचपीव्ही १८ दिसेल. तिने आठव्या गुणसूत्रावरचा तो सांधा तपासला, तर तिथे तिला हेन्रिएटा लॅक्स भेटेल.